एटीडी झालेली बाई ड्रॉइंग वनला बसते

कोल्हापुरात आर्ट टीचर डिप्लोमा (एटीडी) करून मी एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घ्यायचं, अक्षरलेखनाचे कागद तपासायचे, गॅदरिंगला पडदे रंगवायचे. पुढे जी. डी. आर्ट हा चित्रकलेचा मोठा डिप्लोमा करायचं मनात होतं, ते लग्नाच्या धबडग्यात राहून गेलं. मग नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या बाजूला आलो. मुलगी पहिलीत गेली, सकाळचे तास मोकळे झाले आणि मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घातलं. बेत असा, की पहिली दोन वर्षं इथे काढायची आणि पुढची दोन विद्यापीठात ट्रान्सफर घेऊन पदवी पुरी करायची. दोनाची तीन झाली, ते पुढे येईलच.

नाव घालणं हा सगळ्यात सोपा भाग. प्रवेश परीक्षा नाही, मेरिट लिस्ट नाही, डोनेशन तर नाहीच. अठरा वर्षं पुरी असली की झालं. अर्ज ऑनलाइन, तोही फुकट. फी राज्यभर सारखी ठरलेली आहे. ती युनिटवर, म्हणजे आपल्याकडच्या क्रेडिटसारख्या मापावर, मोजतात. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, आमच्यासारख्या क्वार्टरवाल्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सत्रांच्या, कॉलेजात ३१. म्हणजे चार युनिटांचा ड्रॉइंगचा वर्ग १२४ डॉलरला, वर किरकोळ फी. पण हा दर राज्याच्या रहिवाशांचा. बाहेरच्यांचा दर कितीतरी पट जास्त. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून, आलेल्या आपल्या बायका स्वतःला बाहेरचंच धरून चालतात. मीही तेच धरून, आकडा बघून लॅपटॉप मिटला होता. कॅलिफोर्नियात तसं नाही. एच-४वर असलात तरी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे, इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद दाखवले की रहिवाशाचा दर मिळू शकतो. शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसाही लागत नाही. हे मला एका तेलुगू शेजारणीने पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. तिने स्वतः अकाउंटिंगचे वर्ग असेच केले होते.

माझं एटीडीचं प्रमाणपत्र मात्र इथे काही कामाला आलं नाही. परदेशी गुणपत्रिका आधी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायची, मग ती कुठे बसते ते बघायचं, आणि बसलीच तर बहुधा ऐच्छिक युनिटांत बसणार. काउन्सेलरबाई शांतपणे म्हणाल्या, तू ड्रॉइंग वनपासून सुरू कर, वेळ वाचेल. मला हे लागलं. शाळेत ज्या पोरांना मी घट आणि ठोकळे काढायला शिकवले, त्यांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून ठोकळे काढायचे? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘काय गं, परत ड्रॉइंगच शिकायला लागलीस व्हय? मग तो डिप्लोमा कशाला केलावता?’’ मी म्हटलं, ‘‘आई, तू पण ना.’’

पहिल्याच वर्गात सामानाची यादी मिळाली. अठरा बाय चोवीस इंचांचा न्यूजप्रिंटचा गठ्ठा, वेलीचा मऊ कोळसा, दाबून केलेल्या कोळशाच्या कांड्या, मळायचा खोडरबर, शॅमॉय कातड्याचा तुकडा, क्लिपांचा मोठा बोर्ड. पेन्सिल यादीत नव्हतीच. एचबीपासून सिक्सबीपर्यंत टोकं काढून ठेवलेली माझी पेटी बॅगेतच राहिली. बसायला लाकडी घोडे, म्हणजे पाय दोन्हीकडे टाकून बसायचं आणि पुढे बोर्ड टेकवायचा. सलवार-कमीज घालून ते जमत नाही. दुसऱ्या दिवसापासून जीन्स, आणि वर नवऱ्याचा जुना शर्ट.

सरांनी आधी आख्खा कागद कोळशाने काळा-करडा करून घेतला आणि सांगितलं, आता रबराने उजेड काढा. टेबलावर पांढरी बाटली, पांढरा रुमाल आणि अंड्यांचा पुठ्ठा ठेवलेला. माझा हात बाह्यरेषेला धावायचा. इतकी वर्षं आधी रेषा, मग छटा, मग खाली पडछाया असा क्रम हाडीमाशी भिनलेला. इथे रेषा काढायला जागाच नाही, सगळं धुरकट. शॅमॉयने पुसलं की सगळं परत करडं. तासाभराने माझ्या कागदावर जे उरलं त्याला मी शाळेत ‘सी’ ग्रेडही दिली नसती. शेजारच्या पोराचं, त्याने म्हणे आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं, माझ्यापेक्षा बरं होतं. त्याला विसरायला काही नव्हतं.

क्रिट म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्यांनी आपापली चित्रं भिंतीवर मॅग्नेटने लावायची आणि वर्गाने त्यावर बोलायचं. ज्याचं चित्र, त्याने आधी गप्प राहायचं. घरून स्थिरचित्र करून आणायचं होतं. मी रुखवतातला तांब्याचा कलश घेतला आणि रात्री जागून त्याच्यावर अशी छटा चढवली की पैलू न् पैलू दिसावा. मला वाटलं, आता बघाच. सरांनी विचारलं, या चित्रात डोळा पहिल्यांदा कुठे जातो? एक मुलगी म्हणाली, कोपऱ्यातल्या त्या सुंदर अक्षरांकडे. ती माझी सही होती. देवनागरीत, झोकदार, तारखेसकट, एटीडीच्या सुलेखनाच्या तासात घोटलेली. मग सगळेच म्हणाले, हो, तिकडेच. सरांनी डोळे बारीक करून बघायला सांगितलं. बघितलं तर कलश, टेबल आणि मागची भिंत सगळं एकाच करड्या रंगाचं आणि एकटी सही काळीकुळकुळीत. नुसतं करडंच. कलश चमकत होता, पण उजेड कुठून येतोय ते कुणालाच सांगता येईना. कुणी वाईट बोललं नाही. इथे वाईट बोलत नाहीत, पण काय दिसत नाही ते सांगतात, आणि ते जास्त झोंबतं. आपल्याकडे गुरुजी येऊन हातातली पेन्सिल घेऊन दुरुस्त करून द्यायचे. इथे सरांनी वर्षभरात माझ्या कागदाला बोट लावलं नाही.

माझ्या मते या कॉलेजात मिळतं ते हेच. महागड्या आर्ट स्कूलमध्ये वर्गात सगळे वीस वर्षांचे आणि सगळे चित्रकार व्हायला निघालेले. आमच्या वर्गात सेमीकंडक्टर कंपनीतून निवृत्त झालेले काका होते, रात्रपाळी करून येणारी फिलिपिनो नर्स होती, गेम डिझाइनला जाणारी पोरं होती, आणि ज्याला फक्त कलेची युनिट्स हवी होती असा एक फुटबॉलपटू. अशा लोकांसमोर चित्र लावलं की खरं ते कळतं.

आर्ट स्कूलचा विषय निघालाच आहे तर सांगते. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट ही १८७१ पासूनची संस्था २०२२ मध्ये बंद पडली. खासगी कलाशाळांची फी वर्षाला चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या घरात. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन पदवी अर्धी असताना संस्थेलाच टाळं लागलं तर काय करायचं? आमच्या सिरॅमिक्सच्या बाई म्हणायच्या, इथली भट्टी जुनी असेल, पण सरकार ती बंद करायच्या आधी दहा मीटिंगा घेईल.

आता कागदपत्रांचं. ट्रान्सफरचा अभ्यासक्रम हा स्टुडिओइतकाच मोठा विषय आहे, फक्त त्याचा तास कुठे लागत नाही. कॅलिफोर्नियात २०१० साली कायदा झाला आणि त्यातून ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी निघाली. स्टुडिओ आर्ट्समध्येही ती आहे. क्वार्टरच्या हिशेबात ९० युनिट्स (सेमिस्टरच्या ६०). त्यात ड्रॉइंग, द्विमितीय डिझाइन, त्रिमितीय डिझाइन, कलेचा इतिहास हा पाया, वर आपल्या आवडीचे स्टुडिओ वर्ग, आणि बाकी सगळं सामान्य शिक्षण. ही पदवी घेतली की कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठांच्या जाळ्यात जागा नक्की. मात्र कुठल्या कॅम्पसमध्ये, ते नक्की नाही. माझ्यासारख्या संसारी बाईला हा बारीक अक्षरातला भाग महत्त्वाचा. मला त्यातलं घराजवळचं सॅन होजे स्टेटच हवं होतं. दूरच्या फ्रेस्नोत जागा मिळून मी काय करू? यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) विद्यापीठांचं तर गणितच निराळं, तिथे ही पदवी आहे म्हणून हमी मिळत नाही.

कुठला वर्ग कुठे धरला जातो हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर बघायचं. डावीकडे विद्यापीठाचा वर्ग, उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा. उजवीकडे ‘तोडीचा वर्ग नाही’ असं लिहिलेलं असलं की समजायचं, तिथे गेल्यावर तो पुन्हा करावा लागणार. मला हे तिसऱ्या आठवड्यातच कळलं, तेही घोड्यावर बसल्या बसल्या. शेजारचा व्हिएतनामी मुलगा हाताला कोळसा लागलेला असताना फोनवर काहीतरी वाचत होता. त्याने फोनवरचं ते पान माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, जलरंग घ्यायच्या आधी हे बघ. जलरंग माझा जीव. निसर्गचित्रांसाठी आम्ही पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचो. तर माझ्या यादीत जलरंगाचा वर्ग फक्त ऐच्छिक म्हणून धरला जात होता. तरी मी घेतला. सगळंच काय मोजून करायचं?

सामान्य शिक्षणात कॅल स्टेटला चार विषय ट्रान्सफरच्या आधी पास असायलाच लागतात. त्यांना सगळे गोल्डन फोर म्हणतात: भाषण, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित. गणिताच्या जागी मी स्टॅटिस्टिक्स घेतलं, ते निभलं. भाषणाच्या वर्गाने माझी झोप उडवली. वर्गासमोर उभं राहून एखादी गोष्ट करून दाखवत समजावून सांगायची होती. मी ठसे मारून सुती कापड कसं रंगवतात ते केलं. हातात काम असलं की तोंड चालतं, हे तिथे कळलं. मग क्रिटमध्येही मी बोलायला लागले. (आता हे नियम थोडे बदललेत. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे पानगळीच्या सत्रापासून, यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींसाठी सामान्य शिक्षणाचा एकच साचा आलाय, कॅल-जेटसी. नव्याने सुरू करणाऱ्यांनी तोच बघावा.)

दोनाची तीन वर्षं का झाली, तर स्टुडिओचा वर्ग चार युनिटांचा असला तरी आठवड्याचे सहा तास वर्गात जातात आणि घरी तेवढेच. घर सांभाळून एका क्वार्टरला दोनाच्या वर जमत नाही. त्यात तैलरंगाचा पुढचा वर्ग दर क्वार्टरला नसतो. आणि नाव नोंदवायची पाळी साठलेल्या युनिटांप्रमाणे येते, त्यामुळे नव्या माणसाच्या वाट्याला संध्याकाळचे वर्ग. संध्याकाळी नवरा घरी येऊन कुकर लावायचा. शिट्ट्या मोजायला मात्र त्याला मुलगी लागायची.

रंगाच्या वर्गात जोसेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकाचे अभ्यास होते. एकाच रंगाचे दोन चौकोन कापायचे, दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवायचे आणि ते दोन वेगळे रंग वाटले पाहिजेत. गॉशचे, म्हणजे अपारदर्शक जलरंगांचे, डबे उघडून मी डायनिंग टेबलावर तपकिरीच्या छटा कालवत बसायचे. कामात मिरजेहून आलेल्या सासूबाईही ओढल्या गेल्या. त्यांनी आयुष्यभर साड्यांना फॉल-पिको केलंय, दोऱ्याचा रंग कापडावर ठेवून बघायची सवय. ‘‘अगं, हा हिरव्यावर ठेव, मग लालसर दिसेल बघ,’’ म्हणाल्या, आणि दिसला. मी म्हटलं, ‘‘आई, तुम्हीच या उद्या वर्गाला.’’ त्रिमितीयाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुठ्ठा, तार, प्लास्टर, आणि बोटांना चिकटपट्ट्या.

फिगर ड्रॉइंगबद्दल मैत्रिणी हळूच विचारतात. हो, मॉडेल विवस्त्र असतं. पहिल्या दिवशी माझी नजर मॉडेलच्या पायांच्या बोटांवरून वर जाईना. पण मॉडेलने स्वतःचा टायमर लावला आणि तीस तीस सेकंदांच्या मुद्रा सुरू झाल्या. तीस सेकंदांत लाजायला वेळ नसतो. मान, कणा, वजन कुठल्या पायावर, एवढं टिपेपर्यंत टायमर वाजतो. मग एक मिनिट, पाच मिनिटं, आणि शेवटी वीस मिनिटांच्या मुद्रा, मध्ये विश्रांती. मॉडेल म्हणून आलेल्या त्या बाई विश्रांतीत झगा घालून सफरचंद खात फिरायच्या आणि आमची चित्रं बघायच्या. माझ्या एका चित्रापाशी थांबून म्हणाल्या, इथे माझा गुडघा दुखतोय हे दिसतंय. इतकी खरी दाद मला कुणी दिली नव्हती. आईला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा वाचेल.

हातांच्या अभ्यासाला स्टॅनफर्डला जायचो. तिथल्या कँटर म्युझियमच्या बाहेर रोदँ या फ्रेंच शिल्पकाराच्या ब्रॉन्झ शिल्पांची बाग आहे, फुकट आणि उघड्यावर. त्याच्या ‘बर्गर्स ऑफ कॅले’ या समूहशिल्पातली माणसं मात्र विद्यापीठाच्या मुख्य चौकात जमिनीवरच उभी आहेत, चबुतरा नाही. आपण त्यांच्यात जाऊन उभं राहायचं. त्या हातांच्या शिरा काढताना मला शाळेतलं शरीरशास्त्राचं पुस्तक कधी आठवलं नाही.

पण ज्या सहलीचा मला सगळ्यात उपयोग झाला ती सॅन फ्रान्सिस्कोची. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९४० साली ट्रेझर आयलंडवरच्या जागतिक प्रदर्शनात लोकांच्या डोळ्यांदेखत एक प्रचंड भित्तिचित्र रंगवलं, ‘पॅन अमेरिकन युनिटी’. २२ फूट उंच, ७४ फूट रुंद. ओल्या गिलाव्यावरचं काम, पण पोलादी चौकटींच्या दहा भागांवर केलेलं, म्हणजे हलवता येईल असं. याची मालकी कुणाची? सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची, म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजची. १९६१ पासून ते तिथल्या थिएटरात होतं. २०२१ ते २०२४ या काळात ते आधुनिक कलेच्या एसएफमोमा संग्रहालयात तळमजल्यावर, तिकिटाशिवाय बघता येत होतं. आमच्या वर्गाने तिथेच बघितलं. मधोमध एक भली मोठी आकृती आहे, अर्धी अझ्टेकांची देवी क्वात्लिक्वे आणि अर्धं मोटारीच्या कारखान्यातलं ठोकायचं यंत्र. मी त्या यंत्राच्या बाजूलाच फार वेळ उभी होते. यंत्राला इतक्या मानाने कुणी रंगवलेलं मी बघितलं नव्हतं.

तोवर माझी एक अडचण चालली होती. मी वर्तुळात कमळं-मोर घालून संकल्पचित्रासारखं काही केलं की क्रिटमध्ये सगळे खूश, ‘‘तुझी संस्कृती किती दिसते यात.’’ ते मला झोपेतही जमतं, इंटरमिजिएटला तेच तर करतात. मला त्यात काडीचा रस नव्हता. मी रोज जे बघत होते ते आमच्या अपार्टमेंटच्या सामायिक लॉन्ड्रीत. पांढऱ्या ड्रायरांची रांग, गोल काचेची दारं, वरून ट्यूबलाइटचा मेलेला उजेड, पांढऱ्यावर पांढरं. रिव्हेरा बघून आल्यावर मी कोळसा घेऊन तिथे स्टूल टाकून बसले. लोक कपडे घेऊन यायचे, मला बघून आधी दचकायचे, मग सुटी नाणी मागायचे. पांढऱ्या यंत्रात किती करडे असतात ते अंड्यांच्या पुठ्ठ्याने शिकवलं होतं, आता ते कामाला आलं. क्रिटमध्ये ती चित्रं लावली तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग निवृत्त काका म्हणाले, यात माणूस नाही, पण कुणीतरी आत्ताच गेलंय असं वाटतं. पुढच्या दोन क्वार्टर मी तेच केलं.

अर्जासोबतच्या पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संचात, तीच मालिका गेली. मी अर्ज केलेल्यांपैकी एका ठिकाणी तो लागत होता. कोळशाच्या चित्राचा फोटो काढणं ही शिक्षा आहे. काळ्यावर चकाकी येते, कडा वाकड्या येतात, पांढरा कागद पिवळा पडतो. शेवटी गॅरेजचं दार उघडून, ढगाळ सकाळी, भिंतीवर कागद सरळ टाचून, फोन तिपाईवर लावून काढले. प्रत्येकाखाली नाव, माध्यम, माप, साल. आणि स्वतःच्या कामाबद्दल एक पान लिहायचं. पहिल्या मसुद्यात मी ‘लहानपणापासून मला चित्रकलेची आवड’ असं लिहिलं होतं. रायटिंग सेंटरमधल्या मुलीने त्यावर नुसती रेघ मारली आणि विचारलं, ड्रायरच का?

अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पुढच्या फॉलसाठी. आपण घेतलेला प्रत्येक वर्ग, त्याचा क्रमांक, युनिट्स, ग्रेड सगळं स्वतः टाइप करायचं. जानेवारीत ताज्या ग्रेड कळवायच्या, उन्हाळ्यात शेवटची गुणपत्रिका पाठवायची, त्यात असोसिएट पदवीची नोंद हवी. ती पदवी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो हे वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. तो व्हिएतनामी मुलगा सगळ्यांना मेसेज टाकून आठवण करायचा. तो आता आर्किटेक्चरला गेलाय, शोभलं असतं त्याला काउन्सेलर व्हायला.

सॅन होजे स्टेटचं पत्र मार्चमध्ये आलं. बहुतेक सगळे वर्ग धरले गेले, जलरंग ठरल्याप्रमाणे ऐच्छिकात. आता तिथे मोठ्या मापाची कामं मागतात, चार बाय सहा फुटांची. ती घरात मावत नाहीत, म्हणून गॅरेज माझं झालंय आणि नवऱ्याची गाडी रस्त्यावर उभी असते. त्याने परवा विचारलं, पदवी झाली की गॅरेज परत मिळेल ना? मी म्हटलं, बघू.